सहावं पाकीट

पवनी
५ जुलै २०२५

चि. भावना,
जय भीम.

नत्थूजी कंडक्टरच्या हाती बिस्किटाचा डबा धाडला, तो तुले गणेशपेठच्या स्टँडवर भेटला असेल. डब्यात बिस्किटं नाहीत, म्हणून खोलीतल्या पोरींनी हात घालायच्या आधी उघडजो.

आत सहा पाकिटं आहेत. पाचांवर नावं लिहिली आहेत. खोली, मेस, कॉलेज, ऑटो आन पाचवं 'मनाचं'. मनाच्या पाकिटात तीनशे रुपये आहेत. ते कशात गेले हे सांगायची जबरदस्ती नाही, पण सांगितलं तं मले आवडीन. एका पाकिटातला पैसा दुसऱ्यात जायचा नाही, बस, एवढाच कायदा. दर महिन्याले पाच पाकिटं रिकामी येतील आन भरून जातील.

सहावं डिंकानं बंद आहे. त्यावर 'चूक' असं लिहिलं आहे. चूक झाली तं ते फोडजो, आन काय झालं ते मले लिहिजो. मी रागावणार नाही.

तुझी माय सासऱ्याच्या नात्यानं मले म्हणते, "मामाजी, आता पैसे फोनवरून जातात, तुम्ही हे काय काढलं?" तिले म्हणलं, फोनमधून गेलेला पैसा दिसत नाही, आन दिसला नाही तं दुखत नाही. मी छत्तीस वर्षं सायकलवर मनिऑर्डरी वाटल्या. दोनशे रुपये मोजून घेताना बायांचे हात कसे हळू होत, ते मी पाहिलं आहे. तसा हात तुझा झाला पाहिजे.

महिन्याचं पत्र टपालानंच टाकजो. फोनवर तू "हो आजोबा, बरं आजोबा" म्हणशीन आन ठेवून देशीन. कागदावर माणूस थोडं तरी थांबते. नत्थूजीजवळ पत्र देऊ नको. पोस्टमनच्या घरचं पत्र पोस्टमननंच आणलं पाहिजे.

तुझा आजा माझा चुलतभाऊ होता. तो नाही, तुझा बाप बी नाही. राहिलो मी. तवा माझ्यावरच भागव.

देवाजी


धंतोली, नागपूर
१९ जुलै

आदरणीय आजोबा,
जय भीम.

डबा भेटला. सुरुचीनं म्हणजे माझ्या रूममेटनं खरंच बिस्किटं समजून झाकण उघडलं आन तिचं तोंड एवढुसं झालं. ती अमरावतीची आहे. तिच्या घरून पैसे फोनवर येतात आन दहा तारखेपर्यंत संपतात. मग ती माझ्या ताटातली पोळी खाते.

मनाच्या पाकिटातून आतापर्यंत एकशे दहा गेले. दोनदा तर्री-पोहे, एकदा भुट्टा, आन वीस रुपयांचं कानातलं. ते एका दिवसात तुटलं. (इथं शाई सांडली, माफ करा.)

खोली ठीक आहे. खिडकीतून समोरच्या दवाखान्याची भिंत दिसते. आजोबा, मले इथं करमत नाही. संध्याकाळी चार वाजता आपल्या इथं वैनगंगेवरून वारा येते ना, तवा मी इथं गच्चीवर जाऊन उभी राहते. वारा येते, पण पेट्रोलचा वास घेऊन येते. मागच्या रविवारी तं मी रडली. आईले सांगू नका.

आई म्हणत होती तुम्ही बी नागपूरलेच शिकत होते म्हणून. कोणतं कॉलेज? मले कधी सांगितलं काहून नाही?

सहावं पाकीट उशीच्या खोळीत ठेवलं आहे. मी ते फोडणारच नाही. परीक्षा झाली की जसंच्या तसं तुमच्या हातात देईन. पैज!

तुमची
भावना


पवनी
२९ जुलै

चि. भावना,

पत्र भेटलं. तीनदा वाचलं. शाई सांडली तिथं बी वाचलं.

करमत नाही म्हणतेस. मले बी करमत नाही वं. तू रोज शाळेतून येताना माझ्या ओट्यावर दप्तर टाकून पाणी मागत होती. आता चार वाजले की मी उगाच गडवा भरून ठेवतो. मग रात्री तेच पाणी जाईले टाकतो. जाई मस्त वाढली आहे.

पैज लावू नको. ते पाकीट काही बक्षीस नाही.

कॉलेजचं विचारलं. होतो दोन वर्षं. तुझंच कॉलेज. लायब्ररीच्या दगडी पायऱ्या आहेत का अजून? तिसऱ्या पायरीचा कोपरा फुटला होता, तिथं आम्ही बसत होतो. एखाद्या वेळी पाहून सांगजो. बाकी पुढं कधी तरी लिहीन.

सुरुचीले पोळी देत जाय. पण तिले बी एक डबा घ्यायले सांग.

देवाजी


धंतोली, नागपूर
३१ ऑगस्ट

आदरणीय आजोबा,

या महिन्यात मजा आली! इथं एक रीत आहे. ज्याचा वाढदिवस, बिल त्याचं. ऑगस्टमध्ये तिघींचे वाढदिवस झाले. पहिला धरमपेठेत, दुसरा बर्डीवर, आन तिसरा सदरमध्ये, एसीत. चिन्मयीचा. तिचे बाबा मिहानमधल्या कंपनीत मोठे इंजिनिअर आहेत. तिथं पाण्याची बाटलीच ऐंशी रुपयांची. मी दोन घोट पिऊन उरलेली रूमवर आणली. सगळ्या हसल्या. मी बी हसली.

मनाचं पाकीट पूर्ण संपलं. तिघींना मिळून गिफ्ट घेतले. मले तं एक रुपयाचं बी बिल पडलं नाही, म्हणजे हिशेबानं मी फायद्यात आहे. हो ना?

माझा वाढदिवस चौदा सप्टेंबरले आहे, तुम्हाले आठवतेच.

आता खरी गोष्ट. दसऱ्याले दीक्षाभूमीवर पूर्ण पवनी येणार. आई ट्रकमधून येऊन राहिली. तुम्ही बी या ना आजोबा! मी तुम्हाले कॉलेज दाखवीन. पायऱ्या आहेत, पण तिसरीचा कोपरा आता सिमेंटनं बुजवला आहे. तुम्ही आलात तं मी मनाच्या पाकिटातून तुम्हाले सावजी खाऊ घालीन. लय दिवसांत आपलं कोणी दिसलं नाही हो.

तुमची
भावना


पवनी
९ सप्टेंबर

चि. भावना,

मी दसऱ्याले येत नाही. तुले माहीत आहे, मी दरवर्षी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो. पंधरा-सोळा ऑक्टोबरले. यावर्षी बी तिकडंच जाईन. सर्वे विचारतात, नागपूर जवळ असून हा माणूस चंद्रपूरले काहून जाते? म्हाताऱ्याची खोड आहे म्हणून सोडून द्या.

तुले भेटायची इच्छा नाही असं समजू नको. ती लय आहे.

नत्थूजीजवळ या वेळचा डबा दिला. कॉलेजच्या पाकिटात अठ्ठावीसशे आहेत, परीक्षेच्या फॉर्मचे आन प्रॅक्टिकलचे. मनाच्या पाकिटात वाढदिवसाचे पन्नास जास्त टाकले. काही गोडधोड खाजो.

आन एक ऐक. ज्याचा वाढदिवस त्याचं बिल, ही रीत पैसेवाल्यांची आहे. तीनदा फुकट खाल्लं म्हणजे फायदा झाला असं नाही. जपून राहजो.

देवाजी


धंतोली, नागपूर
१२ ऑक्टोबर

आदरणीय आजोबा,
सप्रेम जय भीम.

सप्टेंबर महिन्याचा हिशेब खालीलप्रमाणे आहे. खोलीभाडे दिले. मेसचे पैसे दिले. ऑटो, दोनशे चाळीस. कॉलेजच्या पाकिटातून परीक्षेचा फॉर्म भरला. मनाच्या पाकिटातील रक्कम शिल्लक आहे.

दसऱ्याला आईसोबत दीक्षाभूमीवर गेले होते. गर्दी फार होती. गर्दीत पांढऱ्या टोपीचा कोणी दिसला की वाटायचं, तुम्हीच आलात.

अभ्यास खूप आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी येणं जमणार नाही. आईला समजावून सांगावे.

नत्थूजी काकांसोबत सहावं पाकीट परत पाठवत आहे. परीक्षेनंतर देणार होते, पण आता त्याची गरज पडणार नाही. डिंक जसाच्या तसा आहे. पाहून घ्यावे.

आपली आज्ञाधारक
भावना


पवनी
१५ ऑक्टोबर

भावना,

हे पत्र नत्थूजीच्या हाती धाडून राहिलो. माझा कायदा मीच मोडला. टपालाले तीन दिवस लागतात, आन मले वाटते तेवढे दिवस तुझ्याजवळ नाहीत. आज चंद्रपूरले जायचं होतं. गेलो नाही.

पाकीट परत आलं. तुझ्या मायेले दाखवलं तं तिच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणे, पोरगी गुणाची निघाली. मी बी खुश झालो. चहा पिऊन होईपर्यंत. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

या पत्रात एक बी खोडाखोड नाही. आधी तू शाई सांडवत होती, मधातच कानातलं तुटल्याचं सांगत होती. यावेळी सर्व सरळ रेघेत. मनाचे साडेतीनशे शिल्लक! एकोणीस वर्षांच्या पोरीचं मन महिनाभर काहीच मागत नाही? वाढदिवसाचं एक अक्षर नाही. आन 'आईले'चं 'आईला' झालं. परक्या माणसाले लिहावं तसं लिहिलं वं तू मले.

मी अशी पत्रं लिहिली आहेत. माझ्या बापाले. अक्षर एवढं सुंदर की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवे.

पाकीट परत धाडतो. मी तुझी परीक्षा घेऊन राहिलो नव्हतो, पोरी. ते न फोडता परत आणण्यासाठी दिलंच नव्हतं. फोड. नत्थूजीसमोरच फोड.

मी वाट पाहतो.

देवाजी


धंतोली, नागपूर
१७ ऑक्टोबर

आजोबा,

फोडलं. स्टँडवरच्या बाकावर बसून फोडलं. नत्थूजी काका गाडीची वेळ झाली तरी उभे होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता, तं त्याले म्हणे, "थांब गा दोन मिनिटं, पोरीचं काम आहे."

पाचशेच्या सहा नोटा होत्या. आन तुमची चिठ्ठी, पाच जुलैची. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती माझ्या उशीच्या खोळीत होती. मी तिच्यावर डोकं ठेवून रडत होती आन ती मी वाचली नव्हती. आता पाठ झाली आहे.

"पोरी, तू हे वाचून राहिली म्हणजे चूक झाली. फोडलं हे बरं केलं. १९७९ साली परीक्षेच्या फॉर्मचे पंचेचाळीस रुपये मी बर्डीवर सहा मित्रांच्या सिनेमात आन जेवणात उडवले. त्यांनी मले वर्षभर चारलं होतं. त्यांना मी सांगितलं होतं, माझे वडील मास्तर आहेत. ते बिड्या वळत होते. फॉर्मची तारीख गेली. बापाले लिहिलं, भरला. निकालाच्या वेळी लिहिलं, नापास झालो. बाप म्हणाला, जाऊ दे बापू, सर्वेच काही पास होत नाहीत. त्यानं एकदा जरी म्हणलं असतं, खरं सांग, तं मी सांगितलं असतं. पण विचारलं तं पोराले वाईट वाटीन म्हणून त्यानं विचारलं नाही. तो गेला तवा बी त्याले हेच माहीत होतं की आपलं पोरगं अभ्यासात कच्चं. म्हणून मी विचारून राहिलो. खरं सांग."

सांगते आजोबा. चौदा सप्टेंबरले अकरा पोरींना सदरमध्ये नेलं. त्याच हॉटेलात. सगळ्या म्हणे, पार्टी दे, पार्टी दे. मले वाटलं सात-आठशे होतील. बिल आलं सव्वीसशे ऐंशी. माझ्याजवळ मनाचे साडेतीनशे होते. कॉलेजचं पाकीट बॅगेतच होतं. बाकी सर्व त्यातून गेले. फॉर्म भरला नाही. तुम्हाले खोटं लिहिलं.

यापेक्षा मोठी चूक पुढं आहे. चिन्मयीनं विचारलं, तुझे आजोबा काय करतात? मी म्हटलं, भंडाऱ्याचे पोस्टमास्तर होते, बंगला आहे. तुम्ही तुमच्या बापाच्या बिड्या लपवल्या, मी तुमची सायकल लपवली. म्हणून पाकीट फोडायची हिंमत झाली नाही. फोडलं तं हे बी लिहावं लागलं असतं. मग वाटलं, जसंच्या तसं परत दिलं तं तुम्हाले सुख होईन, आन मी कॉलेज सोडून मिहानमध्ये पॅकिंगचं काम पाहीन. तिथं बोलून बी आली होती.

काल फॉर्म भरला. लेट फीसहित. उद्या शेवटची तारीख आहे. खिडकीवरच्या बाईनं शिक्का मारला तवा मी त्यावरची तारीख दोनदा वाचली. पावती सोबत आहे. खरी आहे.

घरी येऊ का? दिवाळीले?

तुमची
भावना


पवनी
२२ ऑक्टोबर

चि. भावना,

पावती भेटली. टपालानं. पोस्टमननं हाक मारली तं मी चप्पल न घालताच रस्त्यावर गेलो.

मले पोस्टमास्तर केलं, ते बरं केलं. आता पेन्शन बी तुलेच वाढवावी लागीन.

एवढंच सांगतो. खोटं बोलली त्याचं दुःख आहे. खरं लिहिलं त्याचं सुख त्याहून जास्त आहे. शेहेचाळीस वर्षं मी कोणाजवळ बोललो नव्हतो, आन पहिल्यांदा वाचलं ते एका पोरीनं, बसस्टँडवर. माझा बाप असता तं... जाऊ दे.

विचारते काय? दिवाळीची सुट्टी अजून बाकी आहे, ये ना! गडवा भरून ठेवतो.

देवाजी


धंतोली, नागपूर
११ जानेवारी २०२६

आदरणीय आजोबा,
जय भीम.

परीक्षा झाली. पेपर चांगले गेले, एक सोडून. तो कोणता ते निकालानंतर सांगीन.

दिवाळीहून परत आल्यावर सुरुचीले सर्व सांगितलं होतं. ती म्हणाली, "अगं, माझ्या बाबांची पानटपरी आहे, मी पण सगळ्यांना बिझनेस सांगते." आम्ही दोघी एवढ्या हसलो की मालकीणबाईनं दार वाजवलं. मग चिन्मयीले बी सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी एक रिकामा डबा घेऊन आली. म्हणे, माझ्याजवळ बी महिनाअखेर एक पैसा राहत नाही, मले शिकव.

आता आमच्याकडे सात डबे आहेत. रविवारी सगळ्या जमिनीवर बसून पाकिटं भरतो. पैसे फोनवरून आले तरी एटीएममधून काढून आणतो, तुमचं ऐकून. सहावं पाकीट प्रत्येकीनं दुसरीले भरून द्यायचं ठरलं आहे. वाढदिवसाची रीत बी बदलली. बिल सगळ्यांचं, आन पार्टी म्हणजे तर्री-पोहे.

आजोबा, स्कॉलरशिप जमा झाली. मागची-पुढची मिळून. खोली-मेस त्यात भागेल. म्हणून आता दर महिन्याचा डबा नका धाडू. तुमच्या पेन्शनीतून तुम्ही स्वतःसाठी चष्मा करा. मले दिसलं होतं दिवाळीत, तुम्ही पत्र हात लांब करून वाचता.

हे लिहिताना मले बरं वाटायले पाहिजे होतं. पण वाटून नाही राहिलं.

नत्थूजी काकांजवळ एक पाकीट देऊन राहिली. डिंकानं बंद आहे. त्यावर 'चूक' लिहिलं आहे, माझ्या अक्षरात. तुमच्यासाठी. कायदा तोच. चूक असेल तं फोडा, आन काय चूक ते लिहा. मी रागावणार नाही.

तुमची
भावना


पवनी
१९ जानेवारी

चि. भावना,

चार दिवस पाकीट दिव्याजवळ ठेवलं होतं. येता-जाता पाहत होतो. मनात म्हणलं, सदुसष्ट वर्षांच्या माणसानं आता नवीन चूक कोणती करायची? जुनी तं तुले सांगून झाली.

मग काल एक तारखेचा डबा भरायले बसलो. सवयीनं. पाच पाकिटं मांडली, नोटा काढल्या, आन तुझं वाक्य आठवलं की डबा नका धाडू. तसाच बसून राहिलो. पैसे वाचले याचं मले सुख झालं नाही. मनात आलं, आता ही पोरगी हिशेब कशाले लिहीन? आन हिशेब नाही तं पत्र कशाले लिहीन?

तवा कळलं. लिहितो.

मले हिशेब कधीच नको होता वं. तू पोहे खाल्ले का भुट्टा, चाळीस गेले का पन्नास, याचं मले काय करायचं होतं? मले नागपूरहून पत्र पाहिजे होतं. मी छत्तीस वर्षं लोकांच्या दारात पत्रं टाकली. माझी बायको, तुझी आजी, गेल्यावर माझ्या दारात कोणाचं पत्र आलं नव्हतं. ते सरळ मागायची लाज वाटली, म्हणून पाकिटांचा कायदा केला. पैसा पुढं केला आन माया मागं लपवली. ही चूक. तू पार्टी देऊन मैत्रिणी धरून ठेवत होती, मी पाकिटं देऊन तुले. दोघं सारखेच.

लिहून झाल्यावर फोडलं. आत एकशे पन्नास रुपये, आन कागदावर एकच शब्द, 'या'.

माझे हात कसे झाले ते सांगत नाही. मनिऑर्डर घेणाऱ्या बायांसारखे झाले.

नागपूरले मी चुकूनमाकून गेलो तरी स्टँडवरूनच परत फिरत होतो. चंद्रपूरले जात होतो तं बाबासाहेबांसाठी, आन नागपूरले जात नव्हतो त्या पायऱ्यांसाठी. बापाले सामोरं जायची हिंमत नव्हती, तं त्या दगडांना काय तोंड दाखवू, असं वाटे.

येतो. रविवारी, नत्थूजीच्या पहिल्या गाडीनं. स्टँडवर ये. कोपरा बुजवला असेल तरी तिसऱ्या पायरीवर बसू. तिथं बसून मले माझ्या बापाशी दोन शब्द बोलायचे आहेत. तू बाजूले बसजो, काही बोलू नको. मग तू म्हणशीन तिथं पोहे खाऊ. डबेवाल्या सगळ्या पोरींना आण. पोस्टमन येऊन राहिला म्हणून सांग.

एक मात्र चुकलं तुझं. पवनी-नागपूर पूर्ण तिकीट दीडशे आहे. स्वतः बायांच्या अर्ध्या तिकिटात येतेस-जातेस, मग म्हाताऱ्याचं बी अर्धंच असते हे कसं विसरली? का विसरली नाही, येण्याचे आन जाण्याचे मिळून ठेवले?

तसं असेल तं येण्याचे पंच्याहत्तर मी वेगळे काढले. जाण्याचे पाकिटातच राहू देतो. त्याची काही घाई नाही.

तुझा
देवाजी आजोबा